डबड्याच्या काचेवरचं कुंकू

माय, कुंकू काचेवरून निघता निघत नाही. तेलात कालवलेलं असलं तर मुळीच नाही. पुसायला जावं तर पसरतं, आणि आधी टिकली होती तिथं सगळी काच लाल होऊन बसते. हे मी तुला कशाला सांगते? तू जन्मभर लावत आलीस आणि मी पुसत आले. पण आज सकाळी तुझ्या भावाच्या रानात, नदीकाठच्या बाभळीपुढं वाकून, ओढणीचं टोक ओलं करून मी एक काच रागारागानं पुसत होते, तेव्हा तू आठवलीस. म्हणून घरी येऊन लिहायला बसले. बसले म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठते, चहाचं आधण ठेवते, ते आटून जातं, परत येते. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही जमाना झाला. म्हणजे हे पत्र दोन्ही अंगांनी वाया आहे. तरी लिहिते.

आधी हे डबडं काय ते सांगते, कारण तुझ्या वेळी ते नव्हतं. तू गेलीस तेव्हा मी बीदरच्या कॉलेजात पोरांना बेडूक शिकवत होते. ते अजून शिकवते. पण गेली कितीतरी वर्षं सुट्टीचा दिवस मिळाला की मी मांजरेच्या काठानं पाणमांजरांच्या मागावर असते. पाणमांजर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तू मराठीत त्याला मांजर म्हणायचीस, मामा कानडीत नीरनाय म्हणजे पाण्यातला कुत्रा म्हणायचा, आणि तुझ्या खानावळीत जेवायला थांबणारा तो हैदराबादचा ड्रायव्हर म्हणायचा, तुम्ही बहीणभाऊ दोघंही चुकलात, वो तो ऊद है. नदीत ही जनावरं आहेत का, किती आहेत, कुठं पिल्लं घालतात, हे बघण्याचं काम मी अंगावर घेतलंय. जनावर फार सावध. माणसाचा पाय वाजला की पाण्यात. म्हणून झाडाला कॅमेरा बांधायचा. हिरवट रंगाचं डबडं असतं, पट्ट्यानं खोडाला आवळायचं आणि निघून यायचं. समोर काही ऊबदार हललं की ते आपोआप फोटो काढतं. मग काही दिवसांनी जाऊन आतलं कार्ड काढायचं आणि बघायचं. बहुतेक वेळा म्हशी असतात. कुत्री असतात. मोटर चालू करायला आलेला माणूस असतो, आणि पुष्कळदा वाऱ्यानं हललेलं नुसतं गवत असतं. पाणमांजर पाण्यातून निघतं तेव्हा त्याचं अंग इतकं गार असतं की डबड्याला कुणी गेल्याचा पत्ताच लागत नाही.

तूही लोकांच्या खाल्ल्याचीच पारख करायचीस. ताट परत आलं की बघायचीस आणि म्हणायचीस, ह्याचं बायकोशी भांडण झालंय, भाकरीच्या कडा ठेवल्यात. हा उद्या पण येतोय, चटणी बोटानं पुसून खाल्ली. मी त्याच्या पुढची पायरी गाठली आहे. मी काठावरची विष्ठा काडीनं उकलते आणि त्यातले माशांचे खवले, खेकड्याच्या टरफलांचे तुकडे बघून सांगते, काल रात्री कोण काय जेवलं. तुला कळलं असतं तर तू पदर नाकाला लावला असतास आणि हसता हसता ठसका लागला असता.

आता एक गोष्ट, जी मी व्याख्यानाला बोलावणाऱ्या लोकांना सांगत नाही. इतक्या वर्षांत मी एकही पाणमांजर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फोटोत पाहिलंय, ठशांत पाहिलंय, वासावरून ओळखते. पण मी काठावर पोचले की नदी रिकामी असते. कारण तुला माहीतच आहे. माझ्या पायाला भिंगरी. चार घटका एका जागी बसणं मला जमलं नाही, लहानपणीही नाही आणि आता केस पिकले तरी नाही. खरं सांगायचं तर ते डबडं म्हणजे माझ्याऐवजी गप्प बसून राहणारं कुणीतरी आहे.

यंदाच्या पुरानं मामाच्या रानाखालचा काठ ढासळला. तिथं दगड बसवायचं काम निघालं. आणि नेमकं तिथंच, करंजाच्या मुळांत, एक बीळ. तोंडाशी ताजी विष्ठा, ओल्या वाळूत मोठ्या पंज्यांच्या शेजारी इवले पंजे, आणि कान लावला तर आतून बारीक चिवचिव. पाणमांजराची पिल्लं जन्मतः पोहत नाहीत, माय. आईनं मानेला धरून पाण्यात नेऊन शिकवावं लागतं. त्याआधी जेसीबीचा पंजा काठात घुसला तर बीळ आतल्या जिवांसकट मातीत. मी कामावरच्या साहेबांकडं धावले. माणूस भला आहे. मी ठसे दाखवले, एका फोटोत आलेली नुसती शेपटी दाखवली. ते म्हणाले, “मॅडम, शेपटी मुंगसाची पण असती की. मरी फोटो बेकु, पिल्लाचा फोटो पायजे. पिल्लं दिसली पायजेत. पिल्लं दाखवा, मी मशीन आधी खालच्या अंगाला लावतो, ती पोहायला लागेस्तोवर हितं हात लावत न्हाई. न्हाई दाखवली तर येळवसेची अवस झाली की काम सुरू. माझ्या पण वर लोक हायत.” जेसीबी तोवर गावाच्या तोंडाशी येऊन उभाच होता. त्याच्या पंज्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती.

तुझ्या माहेरचं ते रान आता मामाची सून करते. माझा मामेभाऊ ट्रॅक्टर घेऊन गावोगाव भाड्यानं फिरतो, पेरणीपासून राशीपर्यंत सगळं वैनीच बघते. येळवसेच्या आधी मी जाऊन बिळाच्या आणि पाण्यातल्या सपाट खडकाच्या समोर, बाभळीला डबडं बांधत होते तेव्हा ती भाजीची पाटी घेऊन आली.

“हे काय बांधायलाव आक्का?”

“राखण करतंय हे,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? “नदीतल्या जनावराची. रात्रंदिवस डोळा लावून बसतंय. हात लावू नका याला, कुणाला लावू देऊ नका.”

“आमी कामून लावू? राखणदाराला कुणी हात लावतंय व्हय?”

या उत्तरानं माझं समाधान झालं. मी निर्धास्त होऊन बीदरला आले. तिथंच फसले.

निर्धास्त म्हणजे पहिला तासभर. मग सुरू झालं. पट्टा सैल तर नाही राहिला? सेल जुने तर नाहीत? कार्ड बसवल्याचं आठवतं, पण टक् असा आवाज ऐकला होता का? वर्गात शिकवताना अर्ध्या वाक्यात थांबले आणि पोरं एकमेकांकडं बघायला लागली. येळवसेला सगळा जिल्हा रानात जातो, रस्ते ओस पडतात. त्या दिवशी तरी जाऊन यावं असं फार वाटलं, पण मी गेले की पाणमांजरं जातात, एवढं शहाणपण मला आलेलं आहे. घरातच येरझाऱ्या घातल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, “बूड टेकव की गं एका जागी. घिरट्या घालून काय व्हायलंय?”

हे वाक्य मी मन्नाएखेळ्ळीच्या हायवेवर लहानाची मोठी होताना किती वेळा ऐकलं असेल. बाबा गेल्यावर तू ती पत्र्याची खानावळ काढलीस. मला आता दिसते ती तू: चुलीच्या धुरात, एका हातानं ज्वारीची भाकरी थापते आहेस, दुसऱ्या हातानं तव्यावरची उलटते आहेस, आणि तोंडानं एका ड्रायव्हरला कानडीत, दुसऱ्याला दखनीत आणि मला मराठीत बोलते आहेस. मी पाण्याचे तांबे घेऊन फिरते आहे, सांडते आहे, परत आत, परत बाहेर. खंडेनवमीला तू लाटणं, तवा, उखळ, सगळ्यांना हळदकुंकू लावायचीस. पुढं गॅस आला तर सिलिंडरला लावलंस. फ्रीज आला तर त्याच्या दाराला लावलंस, आणि ते दरवर्षी वाढत जाऊन शेवटी फ्रीजला पुरळ उठल्यासारखं दिसायचं. मला लाज वाटायची. मैत्रिणी यायच्या आधी मी ओल्या फडक्यानं पुसून काढायची.

आणि दुर्बीण. मी एमेस्सीला गुलबर्ग्याला निघाले तेव्हा तू त्या हैदराबादच्या ड्रायव्हरला सांगून मागवलीस. ‘पोरगी जनावरं बघायचं शिकायलीय, तिला लांबचं बघायचं कायतरी आणा’ असं सांगितलं होतंस म्हणे. जुनी, लष्करी, गळ्यात घातली तर मान दुखावी इतकी जड. तू ती देवापुढं ठेवलीस, आणि दोन्ही काचांवर, अगदी बरोबर मधोमध, ठसठशीत कुंकू लावून माझ्या हातात दिलीस. मी किंचाळले. काच खराब झाली, चरे पडतील, काय अक्कल आहे का, असलं बरंच बोलले. तू पदरानं कपाळ पुसलंस आणि म्हणालीस, “मग पूस की. काच तुझी हाय, कुंकू माझं हाय.” मी स्पिरिट लावून पुसलं. पण फिरवायच्या चाकाच्या खाचेत थोडं गेलं ते गेलंच. अजून फिरवताना तिथं बारीक करकर होते.

पण मला सांगायचं होतं लहानपणच्या एका येळवसेचं. खानावळ वर्षातून त्या एकाच दिवशी बंद असायची. आपण मामाच्या रानात जायचो. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबील. मामा आंबिलीचा लोटा घेऊन, आरोळी देत, रानाच्या चारी कडांना शिंपत फिरायचा. रानात जो जो राहतो त्याचा घास त्याला पोचला पाहिजे, किडामुंगीपासून पाखरापर्यंत. त्या वर्षी जेवणं झाली होती. तू काठावर पाय लांब करून बसली होतीस, आणि मला ते इतकं नवलाचं वाटलं होतं की अजून आठवतं, कारण बसलेली तू मी कधी बघितलीच नव्हती. मी नेहमीसारखी बांधावरून धावत होते. तू हलक्या आवाजात हाक मारलीस, “ए, ये हिकडं. गुमान ये.” मी गुमान कशी येणार? ढेकळं तुडवत, ओरडत आले. तू पाण्याकडं बघत म्हणालीस, “गेलं.”

“काय गेलं?”

“पाणमांजर. तोंडात पिल्लू होतं. त्या खडकावर चढलं, मला बगितलं अन् गेलं.”

मी खडकाकडं बघितलं. खडकावर थोडी ओल होती. ओल काय, नदीतल्या खडकावर असतेच. मी म्हटलं, “खोटं बोलायलीस.” तुझी एक खोड होती, मला बसवण्यासाठी, जेववण्यासाठी, झोपवण्यासाठी तू वाटेल ते रचून सांगायचीस. चुलीत बसलेली म्हातारी, भाकरी मोजणारा भुंगा. मला वाटलं हेही तसलंच. तू वाद घातला नाहीस. हसलीस आणि म्हणालीस, “बरं बाई, खोटं. पण बूड टेकवलं असतंस तर दिसलं असतं.” मी त्यानंतर थोडा वेळ बसलेसुद्धा, तुला चिकटून. काही दिसलं नाही. मग मी उठले.

तर आज सकाळी. रानात खोप अजून उभी होती. मी सरळ काठाकडं, डबड्यापाशी गेले. पट्ट्यात झेंडूची माळ खोवलेली. माथ्यावर उंडा ठेवलेला, त्याला मुंग्या. अंगावर आंबिलीचे वाळलेले ओघळ. आणि काचेवर, दुर्बिणीवर होतं तसंच, मधोमध, तेलात कालवलेलं कुंकू. मग ओढणीनं पुसायला लागले, ते पसरलं, आणि मी वैनीला हाक मारली ती नदीपलीकडं ऐकू गेली असेल. ती तुरीतून पळतच आली.

“हे काय केलं वैनी?”

“पूजा केली की.”

“काचेवर? काचेवर कुंकू कामून लावलं?”

“तुमीच म्हनलाव न्हवं का, राखणदार हाय, डोळा लावून बसतंय. येळवसेला रानाच्या राखणदाराला उपाशी ठिवतेत व्हय? अन् तेला सगळा डोळाच हाय. कपाळ कुटं हुडकू मी त्याचं?”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी बोलत सुटले. सांगितलं की या एका फोटोवर सगळं अडून होतं, आतमध्ये पिल्लं आहेत, साहेबाला पुरावा हवा होता, येळवस झाली, उद्या-परवा मशीन येईल आणि तुमच्या या कुंकवापायी पिल्लं जिती गाडली जातील. वैनीचं तोंड उतरलं. हातातली तुरीची डहाळी तिनं खाली टाकली.

“पिल्लं हायत?” ती म्हणाली. “हितं, आपल्या काठाला? मग तवाच सांगायचं की आक्का. तुमी निस्तं राखण म्हनलाव. पिल्लं हायत म्हनलं असतं तर मी ह्या अंगाला चिटपाखरू फिरकू दिलं नसतं. मी लेकराची आई न्हाई व्हय?”

मी तिला सांगितलं नव्हतं, कारण मला वाटलं होतं सांगितलं की गावभर होईल. ती म्हणाली, “आता उभ्यानं भांडू नगा. बसा आधी. पानी प्या.” आणि तिनं मला दंडाला धरून खोपीत नेलं, पांडवांपुढं बसवलं, आणि माझ्या हातात तांब्या दिला. तिच्या जागी तू असतीस तर हेच केलं असतंस, फक्त वर दोन शिव्या दिल्या असत्यास.

मग मी डबड्यातलं कार्ड काढून आणलं आणि खोपीत बसूनच मोबाइलला लावलं. आशा नव्हतीच. कुंकवाच्या आधीचं तरी काही असेल म्हणून बघायचं. पहिला फोटो नेहमी माझाच असतो. डबडं चालू केलं की समोर मीच वाकलेली असते, कपाळाला आठ्या, तोंड वाकडं. असले फोटो मी बघता क्षणीच पुसून टाकते, कामाच्या ढिगात ते नकोत. पुसला. मग म्हैस. गवत. गवत. परत म्हैस, फक्त पाठ. मग येळवस आली: लुगड्याचे काठ, वैनी लांबून येताना, वैनी जवळ, वैनीचा चेहरा इतका जवळ की नथ तेवढी दिसावी. मग तिचा हिरव्या बांगड्यांचा हात, चिमटीत कुंकू, सरळ काचेकडं येणारा. आणि त्यानंतर लाल. नुसतं लाल, मग काळं, मग परत लाल. मी भराभर बोट सरकवत होते, तोंडात शिव्या येत होत्या. वैनी खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, “थांबा की जरा. मागं घ्या. माझा फोटू तर बगू द्या.”

मी चिडून मागं घेतलं. ती स्वतःला बघत राहिली. मी उठायला लागले होते.

“आक्का,” वैनी म्हणाली, “माझ्या कोपराखाली, त्या खडकावर, काय बसलंय ते?”

मी फोटो मोठा केला. माय, तिच्या कोपराच्या आणि पदराच्या मधल्या जागेत नदी होती, नदीत तो सपाट खडक होता, आणि खडकावर एक पाणमांजर मान वर करून उभं होतं. अंग ओलं, मिशा ताठ, सरळ वैनीच्या पाठीकडं बघत. त्याच्या तोंडात, मानेला धरलेलं, पाय लोंबकळणारं, एक पिल्लू. आणि खडकाच्या कडेला आणखी दोन बारकी डोकी.

“अगं बया,” वैनी म्हणाली. “मी ह्या डबड्याची पूजा करायलेव, अन् ते माझ्या पाठीमागं उभारून बगायलंय! अन् मला पत्ताच न्हाई.”

मी तिथंच, पांडवांपुढं, मोबाइल छातीशी धरून रडायला लागले, आणि वैनीला वाटलं अजून काहीतरी बिघडलं. कसं झालं ते मला घरी येताना गाडीत उलगडलं. ते गार, ओलं, लांबचं जनावर डबड्याला कधीच कळलं नसतं. त्याच्यासाठी तो फोटो निघालाच नव्हता. फोटो निघाला होता वैनीच्या उबदार हातासाठी. पूजेला तो हात पुढं झाला नसता तर काच लख्ख राहिली असती आणि कार्डावर त्या वेळचं काहीच नसतं. म्हशी असत्या.

इथं मी लिहायचं थांबवलं होतं. मधे बरेच दिवस गेले. कागद दुर्बिणीच्या पेटीखाली पडून होते, आज परत काढले.

साहेबांना फोटो दाखवायच्या आधी वैनीला विचारलं, तुमचा हात कापून नुसतं जनावर ठेवू का. ती म्हणाली, “हात कापू नगा. बांगड्या नव्या हायत.” म्हणून अख्खा नेला. साहेबांनी चष्मा वर केला, आधी हात बघितला. “हे काय, कॅमेऱ्याची पूजा?” मग कोपराखाली बघितलं आणि खुर्चीत पुढं सरकले. “अरेच्चा, मरी! तोंडात पिल्लू!” शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मशीन खालच्या अंगाला गेलं. तेवढंच. कायमचं काही नाही. पिल्लं पोहायला लागली की ते परत वर येईल, काठाला दगड बसतीलच, आणि मग ती जनावरं कुठं जातील ते मला माहीत नाही. पण वैनी रोज सकाळी फोन करते. “आज वाळूत पावलं हायत,” म्हणते. “पिल्लांची मोठी व्हायलीत पावलं.” तिला विचारलं, दिसली का? “न्हाई गं बाई, मी बगाय गेलं की जातेत.” मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

माझ्या मनाला मात्र स्वस्थता नाही. रोज तो फोटो उघडते. जनावर माझं शंभरदा बघून झालंय. आता बघते तो खडक. तोच आहे. डावीकडं तोच फुगवटा, मधे तीच भेग. “तोंडात पिल्लू होतं. मला बगितलं अन् गेलं.” इतकी वर्षं मी विद्यापीठाला, कॉलेजला, स्वतःला सांगत आले की मला नदीची काळजी आहे, जनावरांची काळजी आहे. आहेही. पण त्या सगळ्याच्या खाली एक हट्टी पोरगी ढेकळांवर उभी आहे, आणि तिला एवढंच बघायचंय की तिची आई त्या दिवशी खरं बोलली होती का. खरं बोलली होतीस, माय. आणि खोटं ठरवलं तरी हसलीस. मला तुझी फार आठवण येते. तुझ्या शेजारी बसायला हवं होतं, आणखी थोडा वेळ.

काल मी खालच्या अंगाला नवीन डबडं बांधायला गेले होते. मशीनच्या आवाजानं तिकडची जनावरं कुठं सरकतात ते बघायला. पट्टा आवळला, सेल घातले, कार्ड बसवलं, टक् आवाज ऐकला. चालू केलं. निघायचं, तर पाय निघेना. पर्समध्ये तुझा कुंकवाचा करंडा होता. का घेतला होता कोण जाणे, सकाळी निघताना हातात आला. मी इकडंतिकडं बघितलं. वैनी लांब तुरीत होती. मग चिमटीत कुंकू घेतलं आणि लावलं. काचेवर नाही लावलं, एवढी अक्कल मला आहे. वर, माथ्यावर, थोडंसं.

डबडं चालू आहे हे मी विसरले होते. बरोबर बसलंय का बघायला आज सकाळी कार्ड काढलं, तर पहिला फोटो माझाच: कपाळाला आठ्या, तोंड वाकडं, आणि काचेच्या पुढं आलेली कुंकवाची चिमूट. मागं नदी होती. मी फोटो मोठा करून सगळे कोपरे बघितले, माझ्या कोपराखालची जागासुद्धा. पाणीच होतं. हे कागद आता दुर्बिणीच्या पेटीत घालते, कुठं टाकायचे नाहीतच. पुढच्या कामाच्या आधी पहिला फोटो पुसायचा असतो, बोट तिथवर नेलंही होतं. तो तेवढा मी पुसलेला नाही.